रत्नागिरी जिल्हा : सार्वजनिक वाहतूक आणि समान हक्क

सार्वजनिक वाहनात कोणासही मज्जाव नसावा हा एक हक्क, आणि जेथे वाहनच पोहोचत नाही तेथील रयतेपर्यंत ते पोहोचावे हा दुसरा. रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासात हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत.

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. भीमराव आंबेडकरांना बालपणी, 1901 साली, इतर मुलांसोबत मसूर स्थानकावरून कोरेगावला जाताना, जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे भरून बैलगाडी मुलांनीच हाकली आणि गाडीवान शेजारून पायी चालला. पुढे 1929 साली, मुंबई सरकारच्या चौकशी समितीचे सभासद असतानाही, चाळीसगावी टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले, व अननुभवी हातांनी हाकलेल्या टांग्यातून मोरीच्या फरशीवर फेकले जाऊन ते जायबंदी झाले. विद्वत्ता व सरकारी अधिकार यांपैकी काहीही त्या टांग्यापुढे कामी आले नाही, ही गोष्ट वाहतुकीच्या कोणत्याही इतिहासात अग्रस्थानी नोंदविण्याजोगी आहे. सार्वजनिक वाहनाचा वापर नाकारणे हा गुन्हा ठरविणारा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम 1 जून 1955 रोजी अमलात आला. पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली तीही 1 जूनलाच, 1948 साली.

दुसऱ्या हक्काची वाट अधिक लांबली. सह्याद्री आणि समुद्र यांमधील, खाड्यांनी तुटलेल्या या मुलखात मुंबईच्या गिरण्यांतील चाकरमान्याला आगबोटीचाच आधार होता. पावसाळ्यात ती बंद, आणि एरवीही पडावात बसून बोट गाठावी लागे. अ. ब. वालावलकर, बॅ. नाथ पै, मधू दंडवते यांनी रेल्वेचा आग्रह धरला. 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि 1998 साली मार्ग पूर्ण खुला झाला. परंतु बांधकामखर्चाच्या भरपाईसाठी प्रत्यक्षाहून 40 टक्के अधिक अंतर धरून प्रवासभाडे आकारण्याची रीत पडली; सर्वांत अधिक काळ तिष्ठलेल्या प्रदेशावरच हा अधिभार पडावा, हे न्याय्य नव्हे.

रत्नागिरीचे स्थानकही शहराबाहेर, कुवारबावला. खेड्यातील माणसाचा खरा भरवसा त्यामुळे एसटीवरच राहिला, विशेषतः वस्तीच्या गाडीवर : ती रात्री गावातच मुक्काम करते, आणि पहाटे दवाखान्यास, कचेरीस, शाळेस निघालेल्यांना, जातपात न विचारता, एकाच दराने तालुक्यास नेते.