छातीवरचे किरण : एका उपचाराची कथा

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळातील एक भगिनी आली नाही. चौकशीला गेले, तेव्हा कळले की तिच्या डाव्या स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली आहे आणि आता डॉक्टर 'लाइट' द्यायची म्हणतात. शस्त्रक्रियेला ती डगमगली नव्हती. पण लाइटचे नाव निघताच तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, शेजारच्या काकू म्हणतात, त्याने काळीज जळतं. खरं का हो?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे वाचन केले, जाणत्यांना विचारले. जे कळले ते वर्धापनदिनाच्या या अंकात आपणां सर्वांपुढे ठेवीत आहे.

ही कथा जर्मनीतील वुर्झबुर्ग या गावी सुरू होते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी प्राध्यापक राँटजेन यांना प्रयोगशाळेत एक अज्ञात किरण गवसला. अज्ञात म्हणून त्याला क्ष-किरण म्हटले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र या किरणांनी घेतले. त्यात हाडे दिसली आणि बोटातील अंगठीही दिसली. म्हणजे या शास्त्राच्या पहिल्याच पानावर एका गृहिणीचा हात आहे! १८९८ साली मादाम क्यूरी आणि त्यांचे पती यांनी रेडियम शोधले. या किरणांनी कर्करोगाची गाठ विरघळते हे थोड्याच वर्षांत ध्यानी आले आणि जगभर मोठी आशा पसरली.

परंतु जे किरण रोगट पेशी मारतात, ते निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. हा धडा प्रथम डॉक्टरांनीच घेतला. शिकागोचे एमिल ग्रबी हे स्तनाच्या कर्करोगावर क्ष-किरण वापरणारा आपणच पहिला असे सांगत. त्यांना या किरणांपायी स्वतःचा हात गमवावा लागला. मादाम क्यूरी १९३४ साली गेल्या, त्याही रक्त तयार होण्याचे थांबल्यामुळे.

छातीच्या आतील हानी कळायला आणखी वेळ लागला. १९२२ च्या सुमारास अमेरिकेतील डॉक्टरांनी लिहून ठेवले की, छातीवर किरण घेतलेल्या काही रोग्यांच्या फुप्फुसांत बदल होतो. १९२५ साली इव्हान्स आणि ल्यूक्युशिया यांनी त्याच्या दोन अवस्था सांगितल्या. पहिली दाहाची. फुप्फुसांतील हवेचे बारीक फुगे ज्या पेशींमुळे उघडे राहतात, त्या पेशी आणि भोवतालच्या केसांहून बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. मग उपचारानंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, धाप, बारीक ताप अशी लक्षणे दिसतात. दुसरी अवस्था पुढच्या काही महिन्यांत येते. भाजलेल्या कातडीवर वण राहावा, तसे फुप्फुसाचा तेवढा भाग घट्ट होतो. पहिली अवस्था वेळेवर ओळखली तर औषधाने पुष्कळदा आटोक्यात येते. वण मात्र जात नाही.

हृदयाबद्दल तर मोठाच गैरसमज होता. हृदयाच्या स्नायूंच्या पेशी फारशा विभागत नाहीत, म्हणून त्यांना किरणांची बाधा होत नाही असे मानीत. १९५६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. हेन्री कॅप्लन यांनी नव्या शक्तिशाली यंत्राने उपचार सुरू केले. हॉजकिन्स रोगाचे तरुण रुग्ण, जे पूर्वी हमखास दगावत, ते जगू लागले. त्यांच्या मानेवर, काखांवर आणि छातीवर एकदम किरण दिले जात. रुग्ण जगले, म्हणूनच पुढचे संकट दिसले. १९६७ साली त्याच विद्यापीठातील डॉक्टरांनी किरणांनंतर होणाऱ्या हृदयविकारांची हकीकत प्रसिद्ध केली. हृदयाचे वेष्टन सुजते, झडपा जाड होतात, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या अरुंद होतात. आणि हे पुष्कळदा कित्येक वर्षांनी, रोग विसरला गेल्यावर!

स्तनाच्या कर्करोगात डाव्या बाजूचा प्रश्न विशेष, कारण हृदय तिकडे झुकलेले असते. २०१३ साली स्वीडन आणि डेन्मार्कमधील २१६८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळालेल्या किरणांच्या प्रत्येक 'ग्रे' मात्रेमागे मोठ्या हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो असे त्यात दिसले. हा धोका पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो आणि वीस वर्षांनंतरही राहतो.

मग काकूंचे म्हणणे खरे का? अर्धेच खरे. दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. २०११ साली अनेक देशांतील प्रयोगांची बेरीज मांडली गेली. केवळ गाठ काढून स्तन राखलेल्या स्त्रियांत, किरण न घेतलेल्यांपैकी १०० तील ३५ जणींना दहा वर्षांत रोग उलटला. किरण घेतलेल्यांत ही संख्या १९ वर आली. पंधरा वर्षांत त्या रोगाने होणारे मृत्यूही शंभरात २५ वरून २१ वर उतरले. शिवाय २०१३ च्या त्या अभ्यासातील स्त्रियांनी १९५८ ते २००१ या काळात उपचार घेतले होते. त्यानंतर यंत्रे अधिक नेमकी झाली आहेत. डाव्या बाजूच्या रुग्णाला कित्येक ठिकाणी खोल श्वास घेऊन धरायला शिकवितात. फुप्फुस फुगले की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते आणि किरणांतून बरेचसे वाचते. इतका साधा उपाय! २०१७ साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. धूम्रपान चालू ठेवणाऱ्या स्त्रियांना या किरणांपासूनचा धोका कितीतरी अधिक असतो. न ओढणाऱ्यांना तो फार थोडा.

आपल्याकडेही या उपचाराच्या इतिहासाला एका स्त्रीची आठवण जोडलेली आहे. स्त्रियांच्या संस्थांसाठी झटणाऱ्या लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांच्या विश्वस्त निधीतून परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उभे राहिले.

आपली भगिनी अखेर उपचाराला गेली. डॉक्टरांना तिने धीर करून विचारले, "माझं हृदय कसं वाचवाल?" त्यांनी चित्र काढून समजावले. मंडळातील आम्ही आळीपाळीने तिच्या सोबत जात होतो.

भगिनींनो, ऐकीव भीतीने उपचार टाळू नका, आणि शरमेने प्रश्नही गिळू नका. किरणांनंतर खोकला वा धाप लागली तर तत्काळ सांगा. रक्तदाब, साखर सांभाळा. उपचाराचे कागद दागिन्यांसारखे जपून ठेवा, आणि वीस वर्षांनी छातीत दुखले तरी डॉक्टरांना सांगा की, "माझ्या छातीवर किरण दिले होते." ते एक वाक्य जीव वाचवू शकते.