रोझेलची मावशी

माय मरो पण मावशी जगो, अशी मराठींत म्हण आहे. एका महाराष्ट्रीय मुलीच्या बाबतींत ती समुद्रापलीकडे खरी ठरली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव निघालें, कीं गोपाळरावांचा हट्ट आणि फिलाडेल्फियाची पदवी या दोन गोष्टी सर्वांस आठवतात. त्यांच्या चरित्रांतील तिसरी गोष्टही तितक्याच तोलाची आहे. ती म्हणजे अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणीशीं जडलेला त्यांचा स्नेह.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. आई होती, परंतु तिच्या तोंडून प्रेमाचा शब्द कधीं ऐकला नाहीं, उलट मारच फार खाल्ला, असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. नवव्या वर्षीं टपाल खात्यांतील बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशीं लग्न झालें. वयांत सुमारें वीस वर्षांचें अंतर. बायकोस शिकवावयाचें हा गोपाळरावांचा निश्चय त्या काळीं विलक्षण होता खरा, पण शिकविण्याची रीत कठोर होती. चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहाच दिवसांत गेला. योग्य उपचार मिळते तर तो जगता, ही रुखरुख त्यांच्या मनास कायमची लागली, आणि वैद्यक शिकण्याच्या संकल्पाचें मूळ तिच्यांतच आहे.

१८७८ सालीं कोल्हापुराहून गोपाळरावांनीं पत्नीच्या शिक्षणासंबंधीं वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. मदतीच्या आड ख्रिस्ती होण्याची अट आली व तें प्रकरण तेथेंच थांबलें. तें पत्र मात्र एका मिशनरी मासिकांत छापून आलें. १८८० सालीं कार्पेंटरबाई दांतांच्या डॉक्टराकडे गेल्या असतां बसल्या बसल्या त्यांनीं तें वाचलें. कोण कुठली हिंदु मुलगी! परंतु तिची शिकण्याची तळमळ त्यांच्या जिवास लागली. त्यांनीं पत्र धाडलें, आपलें घर देऊं केलें, आणि त्यांत धर्माची अट घातली नाहीं.

पुढील तीन वर्षें या दोघींचा स्नेह केवळ टपालावर जगला. बालविवाह, स्त्रियांचें आरोग्य, दोन्ही देशांतील चालीरीती असे विषय पत्रांत येत. बदल्यांमुळें जोशी दंपतीचा मुक्काम ठिकठिकाणीं हाले. कलकत्त्यास तर आनंदीबाईंना डोकेदुखी, ताप व धाप यांनीं गांठलें, आणि रस्त्यानें जातांना लोकांची कुत्सित बोलणीं सोसावीं लागत. कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. त्यांचा गुण आला नाहीं. तथापि आपल्या दुखण्याची काळजी वाहणारें माणूस जगांत आहे, ही जाणीव औषधाहून मोठी होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं कलकत्ता सोडलें. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हां मावशी त्यांना घ्यावयास आल्या होत्या. त्यापूर्वीं दोघींनीं एकमेकींस पाहिलें नव्हतें. तो उन्हाळा रोझेलच्या घरांत गेला. जन्मभर धाकांत वावरलेल्या मुलीला तेथें लेकीची माया मिळाली, आणि तिचें लुगडें, तिचा शाकाहार, तिचा धर्म यांपैकीं कशासही त्या घरानें बाध आणला नाहीं.

या मायेचा परिणाम एका पत्रांत दिसतो. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत शिकत असतां आनंदीबाईंनीं पतीस लिहिलें, कीं दहाव्या वर्षीं लाकडाचे घाव, बाराव्या वर्षीं अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तकें, सोडून जाण्याच्या धमक्या हें सारें आपण सोसलें. अंतीं त्यांतून शिक्षण झालें हें त्यांनीं मान्य केलें, पण कोंवळ्या मनावर त्याचे घाव काय होतात हेंही सांगितलें. पत्रांत कांगावा नाहीं, शापही नाहीं. जो मनुष्य भयांत असतो त्याला आपलें दुःख असें मोजून सांगतां येत नाहीं. तें बळ आनंदीबाईंच्या अंगीं होतेंच, पण त्याला आसरा रोझेलच्या घरानें दिला, असें मानावयास हरकत नाहीं.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई डॉक्टर झाल्या. शरीर मात्र स्नेहाच्या आवाक्याबाहेर गेलें होतें. क्षयानें त्यांना ग्रासलें. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांत स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झालेली असतां, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत, बावीस वर्षें पुरीं होण्याआधींच, त्यांचा अंत झाला.

गोपाळरावांनीं त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथील स्मशानभूमींत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेंत, तिला विसावा मिळाला. वर आनंदीबाईंच्या नांवाची शिळा आहे. ज्या पतीच्या हट्टानें त्या मोठ्या झाल्या आणि ज्याच्या हट्टानें त्या पोळल्या, त्यालाही शेवटीं आपल्या पत्नीचें माणूस कोण हें ठाऊक होतें.