गेटरँडम : एका सिस्टिम कॉलची कुळकथा

प्रोग्रॅमला रँडम बाइट हवे असले की ‘/डेव्ह/यूरँडम’ ही फाइल उघडायची, वाचायची आणि बंद करायची, हा लिनक्समधला नव्वदच्या दशकापासूनचा रिवाज. ती सोय केली थिओडोर त्सो यांनी, आणि जुलै 2014 मध्ये थेट कर्नलकडून असे बाइट मागणाऱ्या ‘गेटरँडम’ या नव्या सिस्टिम कॉलचा पॅचही त्यांनीच मांडला. हाताशी फाइल असताना नवा कॉल कशाला, हा आक्षेप रास्तच. दिलेला कॉल कर्नलला सहसा परत घेता येत नाही; त्यावर विसंबलेले प्रोग्रॅम मोडलेले लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांना खपत नाहीत. पण या आक्षेपात फाइल उघडेलच, हे गृहीत धरलेले आहे.

सर्व्हरच्या प्रोसेसला एका वेळी किती फाइली उघडता येतील याला मर्यादा असते, बहुधा 1024; कनेक्शनही त्यातच मोजले जाते. हल्लेखोराने तेवढी कनेक्शन्स अडवून ठेवली, की ऐन कूटलेखनाची किल्ली बनवताना फाइल उघडायला नकार मिळतो. ‘सीएचरूट’ने एकाच डिरेक्टरीत कोंडलेल्या प्रोग्रॅमला तर बरेचदा ‘/डेव्ह’ दिसतच नाही. लिबरएसएसएल ही आपली कूटलेखनाची लायब्ररी लिनक्सवर आणताना ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी अशा वेळेसाठी घड्याळ, प्रोसेस क्रमांक असले तुकडे हॅशमध्ये घालणारा कोड लिहिला, आणि लिनक्समधली उणीव दिसावी म्हणूनच तो ठेवला आहे, अशी टीपही जोडली. (टोमणाच तो, पण सप्रमाण.) फाइल आधीच उघडून ठेवावी म्हटले, तर लायब्ररी पडली दुसऱ्याच्या घरची पाहुणी. डीमन होताना, म्हणजे पार्श्वभूमीत जाताना, यजमान प्रोग्रॅम उघड्या फाइली सरसकट बंद करतो, तिला पत्ताही लागत नाही. बंद झालेल्या फाइलचा क्रमांक पुढे एखाद्या कनेक्शनला मिळाला, तर समोरच्याने धाडलेले बाइट ती रँडम समजून वाचेल! ही भगदाडे लायब्ररीला बुजवता येण्यासारखी नव्हती, म्हणूनच कॉल हवा होता.

ऑक्टोबर 2014 च्या कर्नलच्या 3.17 आवृत्तीत तो आला. जीलिबसी या सी लायब्ररीने त्याला दार उघडायला फेब्रुवारी 2017 उजाडले. यूरँडमपेक्षा त्याचा एक स्वभाव वेगळा होता : बूटनंतर पुरेशी एंट्रॉपी, म्हणजे अनिश्चितता, जमेपर्यंत तो थांबायचा. 2019 मध्ये ते अंगाशी आले. एक्स्ट4 या फाइल सिस्टिममधल्या सुधारणेने डिस्कची कामे घटली, त्यांच्या इंटरप्टमधून मिळणारी एंट्रॉपीही घटली, आणि काही यंत्रे बूट होतानाच अडकली. टोरवाल्ड्स यांनी 5.3 साठी ती सुधारणाच मागे घेतली. कॉल मागे घेता येत नाही, हा आक्षेप इथे खरा ठरला; पण दुरुस्ती एकाच ठिकाणी करायची होती, लायब्ररीगणिक नव्हे. 5.4 मध्ये, एंट्रॉपी कमी पडली तर प्रोसेसरच्या वेळेतल्या बारीक चढउतारांतून कर्नल ती स्वतःच गोळा करू लागले. कॉल करणाऱ्या प्रोग्रॅमांना एक ओळही बदलावी लागली नाही.