नेपोलियनची नाकेबंदी

श्रोतेहो, नाक दाबल्यावाचून तोंड उघडत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. फ्रान्सचा सम्राट नेपोलियन याने हा प्रयोग सबंध इंग्लंड देशावर करून पाहिला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८०५ साली सहा आठवड्यांच्या आत दोन मोठ्या लढाया झाल्या. २१ ऑक्टोबरला स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गार येथे इंग्रज सेनापती नेल्सनने २७ जहाजांनिशी फ्रान्स व स्पेनच्या ३३ जहाजांचा पराभव केला. नेल्सन स्वतः पडला, पण इंग्रजांचे एकही जहाज गेले नाही. पुढे २ डिसेंबरला ऑस्टरलिट्झच्या मैदानात नेपोलियनने ऑस्ट्रिया आणि रशिया यांच्या फौजा धुळीस मिळवल्या. समुद्र एकाचा झाला, जमीन दुसऱ्याची.

आता समुद्र ओलांडल्याशिवाय इंग्लंडला हरवायचं कसं? नेपोलियन म्हणाला, इंग्लंड व्यापारावर जगते, तेव्हा त्याचे गिऱ्हाईकच तोडू. २१ नोव्हेंबर १८०६ रोजी जिंकलेल्या बर्लिन शहरातून त्याने हुकूम सोडला की, युरोपात कोणीही इंग्रजांचा माल घेऊ नये. इंग्रजांनीही उलट हुकूम काढून फ्रान्सकडे जाणारी जहाजे अडवली.

पण असं बघा, शेताला कुंपण घातलं आणि एकच खिंडार राहिलं, तरी गुरं आत शिरतातच. युरोपचा किनारा हजारो मैलांचा. नेपोलियनजवळ पुरेशी जहाजे नव्हती, म्हणून प्रत्येक खिंडार त्याला पायदळाने बुजवावे लागले. पोर्तुगाल ऐकेना, म्हणून १८०७ च्या नोव्हेंबरात फौज लिस्बनला पोहोचली. आदल्याच दिवशी तिथले राजघराणे इंग्रज आरमाराच्या संरक्षणात ब्राझीलकडे निघून गेले होते. त्यांनी १८०८ साली ब्राझीलची बंदरे परदेशी व्यापाराला खुली केली. म्हणजे एक दार लावताना इंग्रजांना दुसरे मोठे दार उघडून मिळाले!

त्याच वर्षी नेपोलियनने स्पेनच्या गादीवर आपला भाऊ बसवला. तेथील रयत उठली आणि डोंगराआडून छापे घालू लागली. मदतीला इंग्रज फौज घेऊन आला आर्थर वेलस्ली, म्हणजे १८०३ साली आपल्याकडे असईला मराठी फौजांशी लढलेला तोच सेनापती. पुढे १८१० साली लिस्बनभोवतीच्या त्याच्या तटबंदीसमोर फ्रेंच सैन्य उपासमारीने खंगले, आणि आतल्या इंग्रजांना समुद्रावरून रसद येतच राहिली.

इंग्लंडला झळ लागली नाही असे नव्हे. १८११-१२ च्या सुमारास तिथे कारखाने मंदावले, मजुरांचे फार हाल झाले. पण युरोपातही साखर व कॉफी कमालीची महागली. चोरटा व्यापार बोकाळला. उसाची साखर येईना, म्हणून १८११ साली नेपोलियनने बीट लावण्याचा हुकूम काढला. बीटापासून साखर काढण्याचा तो धंदा मात्र युरोपात टिकला. पुढे पैशाची चणचण भासू लागताच सम्राट स्वतःच परवाने विकून इंग्लंडशी व्यापार करू देऊ लागला. १८१० साली इंग्लंडात धान्य कमी पडले, तेव्हा फ्रान्सचा गहू तिकडे विकला गेला. कुंपणच शेत खाऊ लागले, दुसरे काय!

मग इतरांनी तरी उपास का काढावा? रशियाचे लाकूड आणि दोरखंडाचा वाख इंग्लंड घेत असे. ते गिऱ्हाईक तुटल्याने रशियाचे जमीनदार व व्यापारी कुरकुरू लागले. १८१० च्या अखेरीस झार अलेक्झांडरने तटस्थ देशांच्या जहाजांना आपली बंदरे मोकळी केली आणि फ्रेंच मालावर जबर जकात बसवली. हेही खिंडार बुजवण्यासाठी नेपोलियन १८१२ च्या जूनमध्ये सुमारे सहा लाखांचे सैन्य घेऊन रशियावर चालून गेला. मॉस्को हाती आले, पण तह काही झाला नाही. परतीच्या वाटेवर भूक, थंडी आणि रोगराई यांनी फौजेची धूळधाण केली. १८१४ च्या एप्रिलमध्ये त्याला गादी सोडावी लागली.

शिक्षक बंधुभगिनींनी हा धडा शिकवताना युरोपचा नकाशा भिंतीवर जरूर लावावा. लिस्बनपासून मॉस्कोपर्यंत बोट फिरवले की मुलांना आपोआप कळेल की, या मोहिमांमागे नुसती एका माणसाची हाव नव्हती. समुद्र हाती नसताना समुद्राची दारे जमिनीवरून बंद करू गेले, की दर दाराला एक नवी लढाई लागते. आणि त्या प्रत्येक लढाईला शिपाई म्हणून जातो तो बहुधा कुणा शेतकऱ्याचाच मुलगा असतो.