यादीत नसलेली वाइन

"बोर्दो म्हणजे रेड वाइन," असं परवा कोणीतरी म्हणालं आणि मला १८५५ ची यादी आठवली. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव बघून वाइनची प्रतवारी लावली. मेदोकच्या रेड आल्या, ग्राव्ह भागातली एकटी शातो ओ-ब्रियों आली, सोतेर्न-बार्साकच्या गोड व्हाइटही आल्या. आणि ड्राय व्हाइट? एकही नाही!

वास्तविक ग्राव्हच्या खडकाळ गोट्यांच्या जमिनीत तीही होतीच. सोविन्यों ब्लां तिला आंबटपणा आणि सुगंध देतं, सेमियों भरीवपणा. ग्राव्हच्या स्वतंत्र यादीत तिला मान मिळाला तो १९५९ मध्ये, म्हणजे तब्बल १०४ वर्षांनी. दलालांनी फक्त भाव लिहिला होता. त्यात चव आपणच वाचत बसलो, नाही का?