‘क्विटो’चा मका : १९००च्या दुष्काळातील एक जहाज

मनीषनगरच्या रेल्वे फाटकापाशी ज्यांनी आयुष्यातील कित्येक तास घालवले, त्यांना त्या रुळांची ओळख करून देण्याची गरज नाही. आता पूल आणि भुयारी मार्ग झाल्यामुळे ते ताटकळणे संपले. रूळ मात्र त्याच मार्गावर आहेत, ज्या मार्गाने १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून नागपूरला पोहोचली. आजचा धागा या रुळांच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई बंदरात, १९०० साली आलेल्या एका जहाजाविषयी आहे.

जहाजाचे नाव ‘क्विटो’. मे १९०० मध्ये ते न्यूयॉर्कहून निघाले. पोटात २ लाख बुशेल मका, म्हणजे सुमारे ५,००० टन. जहाजाचे भाडे अमेरिकी सरकारने भरले होते. मका मात्र सरकारचा नव्हता. तो तिथल्या चर्चमध्ये जाणाऱ्या सामान्य माणसांनी, विशेषतः शेतकऱ्यांनी, वर्गणीतून आणि प्रत्यक्ष धान्याच्या रूपाने दिला होता.

हे सारे जमवून आणणारा मनुष्य होता लुई क्लॉप्श, ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाचा मालक. (येशूची वचने तांबड्या शाईत छापण्याची कल्पनाही याच गृहस्थाची.) १८९२ मध्ये त्याने वाचकांकडून पीठ गोळा करून दुष्काळग्रस्त रशियाला पाठवले. स्पेनविरुद्धच्या बंडात होरपळलेल्या क्यूबा बेटाला अन्न आणि औषधे पोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी नेमलेल्या समितीतही तो होता. उपाशी माणसाचे छायाचित्र आणि वर्गणीचे आवाहन एकाच पानावर छापायचे, ही आज आपल्याला सरावाची झालेली रीत त्याने फार लवकर आत्मसात केली होती.

परंपरा त्याहूनही जुनी. १८४७ मध्ये आयर्लंड बेटावर बटाट्याचे पीक कुजून माणसे मरत होती, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने ‘जेम्सटाउन’ ही आपली युद्धनौकाच मदतीसाठी दिली. बोस्टनच्या हमालांनी मजुरी न घेता ती भरली आणि सुमारे ८०० टन अन्न घेऊन ती १५ दिवसांत कॉर्कला लागली. त्याच आयर्लंडसाठी कलकत्ता आणि मुंबईतूनही निधी गेला होता. त्या काळी देणाऱ्यांच्या रांगेत असलेली मुंबई ५३ वर्षांनी घेणाऱ्यांच्या रांगेत उभी होती.

१८९९चा पाऊस रुसला. गुजरात-राजस्थानात या दुष्काळाला ‘छप्पनिया’ म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६चा. आपल्याकडचा घाव अधिक खोल होता, कारण १८९६-९७च्या दुष्काळातून मध्य प्रांत अजून उठलाच नव्हता. १८९१ मध्ये मध्य प्रांताच्या ब्रिटिश जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८ लाख होती. १९०१ मध्ये ती ९९ लाखांच्या आत आली. वऱ्हाडची सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर उतरली. या घटीत प्लेग, पटकी, स्थलांतर आणि न झालेले जन्मही आहेत. पण मुळाशी भूक आहे.

आता थोडा हिशोब करू. जुलै १९०० मध्ये देशभरात सरकारी दुष्काळी मदतीवर ६० लाखांहून अधिक माणसे होती. ‘क्विटो’चा सारा मका त्यांच्यात वाटला असता, तर माणशी एक किलोसुद्धा आला नसता. दोन दिवसांची भूकही नीट भागली नसती.

मग या जहाजाचे महत्त्व काय?

महत्त्व असे की ते सरकारी चाळणीतून गळलेल्या माणसांपर्यंत गेले. दुष्काळ-संहितेनुसार मदत म्हणजे मुख्यतः काम : खडी फोडा, तलाव खणा, मजुरी घ्या. जो खडी फोडू शकत नाही त्याला फुकट अन्नाची सोय कागदावर होती. पण दूरच्या खेड्यातले अनाथ मूल त्या कागदापर्यंत पोचणार कसे? मिशनऱ्यांना ती खेडी ठाऊक होती. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम हे त्यांतले ठळक नाव. त्यांचा जन्म मुंबईचा आणि सालही तेच, १८४७. दुष्काळातील कामासाठी त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले.

या कथेची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. मिशनच्या अनाथालयात वाढलेली मुले बहुधा ख्रिस्ती झाली. ज्या मुलाला विचारायला आईबाप उरले नाहीत, त्याच्या धर्माचा निर्णय अन्न देणाऱ्याने घ्यावा काय, हा प्रश्न तेव्हाही लोकांना टोचत होता. लाला लजपतराय यांनी मध्य प्रांतातली अनाथ मुले पंजाबातील आर्य समाजाच्या आश्रयाखाली नेण्याची मोहीम चालवली, ती याच अस्वस्थतेतून. दोन्ही बाजूंनी मुले वाचली हे खरे. दोन्ही बाजूंनी ती मोजलीही गेली.

माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न मक्यानेच उभा केला. कॅन्ससच्या शेतातले कणीस दोन महासागर ओलांडून येऊ शकते, तर धान्याचा तुटवडा नेमका कुठे होता? सरकारची भूमिका अशी की धान्याची ने-आण व्यापाऱ्यांचे काम आहे, त्यात हात घालायचा नाही. रेल्वे धान्य आणत होती, पण जिथे ते विकत घेणारा होता तिथेच. १८९६ मध्ये पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे खेड्यापाड्यांत दुष्काळ-संहिता समजावून सांगत फिरली, कारण मदत ही भीक नसून हक्क आहे, हे शेतकऱ्याला कळावे असे त्यांना वाटत होते. पुढच्याच वर्षी सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. परदेशी मक्याचे स्वागत करणाऱ्या राज्याला स्वदेशी माहितीपत्रक मात्र सोसले नाही.

मका देणाऱ्यांतले काही जण इथेच राहिले. मेनोनाइट पंथाचे जॉर्ज लॅम्बर्ट १८९७च्या दुष्काळात मदतवाटपासाठी येऊन गेले होते; परत जाऊन त्यांनी जे सांगितले आणि लिहिले, त्यातून १८९९ मध्ये त्यांच्या पंथाची माणसे धमतरीला आली आणि आल्या आल्या दुसऱ्या दुष्काळात सापडली. १९०१ मध्ये त्याच पंथाची दुसरी शाखा चांपाला पोहोचली. तेव्हाच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर. मुंबईहून छत्तीसगडाकडे जाणारी गाडी आजही इथूनच पुढे जाते. धमतरीत त्या लोकांनी १९१० मध्ये काढलेले रुग्णालय अजून चालू आहे.