गणिताच्या शिक्षकांसाठी पुरस्कार आणि आधार

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 5 सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो: प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि 50 हजार रुपये. 2018 पासून त्यासाठी शिक्षकाला स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. आपल्या उर्दू शाळांतल्या बऱ्याच सर-मॅडमपर्यंत हे पोहोचलेलंच नाही. हेडमास्तर नाव सुचवतील म्हणून ते वाट बघत बसतात. अनुदानित शाळांतले कायम शिक्षकही पात्र आहेत. कंत्राटी शिक्षक मात्र नाहीत, आणि आम्हाला हे काही पटत नाही. वर्गातल्या कामाचे फोटो, व्हिडिओ, कागद वर्षभर जपा. ऐनवेळी गोळा होत नाहीत.

रोजची मदत आम्ही पुरस्कारापेक्षा मोठी मानतो. बालभारतीची गणिताची पुस्तकं मराठी-उर्दू दोन्हींत पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती शेजारी ठेवून शिकवलं, की 'मुसल्लस' म्हणजेच 'त्रिकोण' हे माध्यम बदलणाऱ्या मुलांना आधीच कळतं. नाहीतर गणित येत असूनही पोरं शब्दावर अडतात.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे शिक्षकांसाठी कार्यशाळा होतात, गणित ऑलिंपियाडचं कामही तिथूनच चालतं. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं 'अ‍ॅट राइट अँगल्स' हे गणिताचं नियतकालिक ऑनलाइन मोफत आहे. इंग्रजीत असलं तरी आकृत्या पाहून बरंच उमगतं.